घड नसलेली केळीबाग

बाई, मागच्या रविवारी आमच्या गावात मी एक माहितीपट दाखवला. 'माहितीपट' हा शब्द तुमचा. गावात तो कोणी वापरत नाही. माहितीपट म्हटलं की लोकांना खताची जाहिरात नाहीतर लसीकरणाची गाडी आठवते, म्हणून मीही घरोघरी "रविवारी सिनेमा आहे" असंच सांगत फिरलो. पण तुम्हाला लिहिताना तुमचाच शब्द लिहितो. तुम्ही जाऊन दहा वर्षांहून जास्त झाली. मामाने फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानात एका बारशाचं आमंत्रण जुळवत होतो. ते पूर्ण केलं, दोनदा तपासलं आणि मग बाहेर जाऊन उभा राहिलो. त्यानंतर तुमच्याशी मनात पुष्कळ वेळा बोललो, पण लिहावं असं पहिल्यांदाच वाटलं, कारण सांगण्यासारखं पहिल्यांदाच काही झालं आहे.

मी तुम्हाला आठवेन की नाही, माहीत नाही. धुळ्याला देवपुरात मामाकडे राहून शिकणारा, जळगावकडचा. नशिराबादच्या पुढे आमचं गाव, तिथे केळी आणि कापूस याखेरीज दुसरं बोलणं नाही. दहावीला गणितात राहिलो, पुन्हा बसलो, पुन्हा राहिलो आणि जळगावात फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात कामाला लागलो. अजून तिथेच आहे. आधी फ्लेक्सच्या गुंडाळ्या उचलायचो, आता मजकूर जुळवतो. 'आशीर्वाद' आणि 'उज्ज्वल' हे शब्द लोक हमखास चुकीचे लिहून आणतात, ते मी न विचारता दुरुस्त करतो. मालक म्हणतात, "याच्या हातून चूक जायची नाही, हा रात्रभर झोपणारच नाही." ते थट्टेने म्हणतात, पण खरं आहे. पत्रिका छापून गेल्यावरही मला तिच्यातली तारीख आठवत राहते.

तुम्ही आम्हाला इतिहास-भूगोल शिकवायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाकीची मुलं पांझरा नदीकडे पळायची आणि आम्ही काही जण प्रयोगशाळेत यायचो. तिथे शाळेचा टीव्ही होता. खिडक्यांना पडदे नव्हते, म्हणून तुम्ही जुने फाटके नकाशे लावायच्या. बाहेरचं ऊन त्यांतून आत यायचं. जमीन गडद दिसायची आणि समुद्र उजळायचे. मला अजून वाटतं की आफ्रिका मी त्या उजेडातच नीट पाहिली. शिक्षकांच्या खोलीतून कोणीतरी हमखास विचारायचं, "बाईंचं टॉकीज सुटलं का?" आणि तुम्ही न वळता म्हणायच्या, "सुटायला अजून वेळ आहे, तुम्ही या ना, जागा आहे." कोणी आलं नाही. घरी गेलो की मामी दारातच उभी. "बठ्ठा पोरे घर उनात, तू कोठे व्हता रे? भाकर थंडी व्हई गई." मी म्हणायचो, बाईंनी सिनेमा दाखवला. "कोन्ता? मारामारी शे का त्यामा?" नाही म्हटलं की ती म्हणायची, "मंग त्याले सिनेमा कसाले म्हन्तस?"

मारामारी नव्हती. मिठागरात काम करणाऱ्या बायकांचा एक होता, पायांना भेगा पडलेल्या. परदेशातल्या एका जुन्या देवळाच्या छतावरची चित्रं साफ करणाऱ्या माणसांचा एक होता. ती माणसं पाठीवर झोपून ओल्या कापसाच्या बोळ्याने एकेक बोटभर जागा पुसत होती. तेव्हा मी वर्गात मोठ्याने म्हणालो होतो, "बाई, कापूस!" आणि सगळे हसले होते. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही चित्र थांबवलंत आणि विचारलंत, "कापूसच का घेतला असेल? फडकं का नाही?" तासभर आम्ही त्याच्यावर बोललो. युद्धानंतर स्वतःचं गाव पुन्हा बांधणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक होता. त्यात गावाचा फोटो एकही उरलेला नव्हता आणि ते कुठे विहीर, कुठे पिंपळ हे भांडून भांडून ठरवत होते. माहितीपट कोणता पाहावा, हे मी एकदा तुम्हाला विचारलं. तुम्ही मोठं काही सांगितलं नाहीत. म्हणालात, "ज्यात काम करणाऱ्याचे हात नीट दाखवले आहेत, तो आधी पाहावा. ज्याने हात दाखवले, तो माणूस तिथे थांबलेला असतो." एवढ्या एका वाक्यावर मी आज इंटरनेटवरच्या ढिगातून निवड करतो. पहिल्या पाच मिनिटांत हात आले नाहीत तर बंद करतो. फारसा फसलेलो नाही.

तुमची पद्धत मात्र मला आवडायची नाही. तुम्ही आवाज बंद करून आधी नुसतं पाहायला लावायच्या. मला ऐकायला आवडायचं, ऐकलेलं शुद्ध लिहायला आवडायचं. एकदा निवेदकाची वाक्यं जशीच्या तशी दोन पानं उतरवून मी तुमच्यासमोर ठेवली. एकही वेलांटी चुकली नव्हती. तुम्ही सगळं वाचलंत आणि म्हणालात, "ऐकलंस छान. यात तू पाहिलेलं कुठे आहे?" मला ते फार लागलं. दोन शनिवार मी आलो नाही. तिसऱ्या शनिवारी तुम्ही मामाच्या दारापर्यंत आलात, मामीशी गव्हाच्या भावाचं बोललात आणि जाता जाता मला म्हणालात, "आज रेशमाच्या किड्यांचा आहे." बस, एवढंच. आणि मी नापास झालो, शाळेतून नाव गेलं, तेव्हा तुम्ही फाटकाशी थांबवून म्हणालात, "नापास झालास म्हणून शनिवार बंद होत नाही. येत जा." शाळा सुटलेला मुलगा शाळेत येतो म्हणून तुम्हाला बोलणी खावी लागली असतील. मी पुढचं वर्षभर येत होतो. माझं शिक्षण किती झालं असं कोणी विचारलं की मी दहावी नापास सांगतो, पण मनात ते वर्ष धरतो.

आता रविवारचं सांगतो. आमच्या गावात केळी पिकवण्याचं चेंबर झालं आहे. जाड भिंतींची थंड खोली, तिच्यात हिरवी केळी ठेवून ठरल्या दिवशी पिवळी करून काढतात. माल गेला की ती एखादा दिवस रिकामी असते. आत मिट्ट काळोख. गावात दिवसाउजेडी अशी अंधारी जागा दुसरी नाही. मी चेंबरवाल्या भाऊंना विचारायला गेलो तर ते म्हणाले, "मी काही टॉकीज नाही उघडेल." मग माझ्याकडे नीट पाहिलं. मी बहुतेक फारच घाबरलेला दिसत असेन. "बरं, एक रविवार देतो. पन आयक. मशीन अर्धा तास चालवीन, मंग बंद. या उन्हायात गारव्याले कोनीबी बसते. मशीन बंद झाल्यावर मानसं बसली त तो तुहा सिनेमा. उठली त माहा गारवा व्हता, असं समजायचं अन पुन्हा नाव काढायचं नाही." आजूबाजूचे हसले. मी हो म्हणालो आणि घरी येऊन जेवलो नाही. कारण ते खरं बोलत होते. आमच्याकडच्या मे महिन्यात थंड खोलीत बसायला मिळणार म्हटल्यावर लोक भिंतीकडे पाहत बसायलाही आले असते. आणि मला तर दर महिन्याला एक माहितीपट दाखवायचा होता. तुम्ही दाखवायच्या तसा, थांबवून, बोलून. ते एकदा बंद पडलं असतं तर पुन्हा विचारायची हिंमत माझ्यात नव्हती.

माहितीपट मी जपानचा निवडला. तिकडे दक्षिणेच्या एका बेटावर म्हाताऱ्या बायका केळीच्या खोडापासून धागा काढतात आणि त्याचं कापड विणतात. ज्यांनी तो बनवला, त्यांना आधी विचारलं. इंग्रजी पत्र लिहायला मला चार संध्याकाळ लागल्या. त्यांचं उत्तर आलं: दाखवा, पैसे नकोत, फक्त लोक काय म्हणाले ते कळवा. त्यातलं बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, म्हणून सगळं मराठीत करून मी मोठ्या टायपात छापून घेतलं, बाजूला उभं राहून वाचायला. तीनदा तपासलं. प्रोजेक्टर दुकानाचा. पडदा म्हणून छपाई बिघडलेला एक फ्लेक्स उलटा लावला. त्याच्या सुलट बाजूला कोणा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या आणि अंधार झाल्यावर कळलं की उजेड पडला की त्या नेत्याच्या मिशा पुसट दिसतात. नाना पहिल्याच रांगेत होते. नाना म्हणजे आमच्याकडचे केळीचे जाणकार, बाग बांधावरून पाहून रोग सांगतात. ते म्हणाले, "हा जपानी ओळखीचा वाटते रे." सगळे हसले आणि मी पहिलं पान हातात घेतलं.

चेंबर भरलं होतं. म्हाताऱ्या बायका शाली घेऊन आल्या होत्या, उन्हाळ्यात! मी वाचायला सुरुवात केली. बेट, समुद्र, मोठं युद्ध, त्यात बेट जळालं, विणणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. मी भराभर वाचत होतो. मला भीती होती की मध्ये जरा शांत झालं की लोक उठतील. पडद्यावर कोणी काही बोलत नसलं तरी मी वाचत होतो. दोन पानं झाली. पडद्यावर एक म्हातारी कोयता घेऊन केळीच्या बागेत शिरली आणि तेवढ्यात मागून आमच्या शेजारच्या अक्कांचा आवाज आला. अक्का जन्मभर कापूस वेचत आल्या आहेत, त्यांच्यासमोर गावात कोणी आवाज चढवत नाही.

"ए भाऊ, गप बस ना रे बापा. तुहं वाचनं आयकू का तिचे हात पाहू?"

बाई, तुम्ही तिथे असायला हव्या होत्या. मी गप्प बसलो. तिसरं पान माझ्या हातात होतं आणि त्याचं पहिलंच वाक्य असं होतं की ही केळी फळासाठी लावलेली नसते, खोड चांगलं व्हावं म्हणून पानं आणि शेंडे छाटतात. ते वाक्य वाचायचं राहिलं. आणि पडद्यावर ती म्हातारी केळीचे शेंडे छाटते आहे, झाडं आडवी पाडते आहे आणि एकाही झाडाला घड नाही. केळी पिकवणारं सगळं गाव समोर बसलं होतं. नाना हळूच म्हणाले, "घड कुठी हायेत?"

"नाहीतच."

"एकालेबी नाही?"

"करपा पडेल दिसते."

"करप्यात पानं अशी नाही राहत. हा सीएमव्ही रोग असंल. उपटूनच टाका लागते बाग."

आणि अक्का म्हणाल्या, "एक त गाव जयालं, वरतून बाग गेली. या वयात!"

सगळ्या चेंबरमध्ये दुःख पसरलं. मी खोटं सांगत नाही, लोक चुकचुकत होते. बाग गेल्यावर आमच्याकडे शेजारी भेटायला जातात, नुसते बांधावर उभे राहतात, तसे सगळे बसले होते. मला हातातलं पान वाचून टाकावं असं इतकं वाटत होतं! चुकीची गोष्ट माझ्यासमोर पसरत होती आणि ती दुरुस्त करणं हे तर माझं रोजचं काम. 'उज्ज्वल'मधला एक ज कमी पडला तर मी राहू शकत नाही आणि इथे सगळं गाव चुकत होतं. मी तोंड उघडलंही. मग तुमची आठवण झाली आणि मी पान खाली ठेवलं.

पुढे त्या बायका खोडाचे पदर सोलतात आणि मोठ्या कढईत राखेच्या पाण्यात उकळतात. "काबरं उकडून राहिल्या?" कोणीतरी विचारलं. "गुरांसाठी असंल." "गुरं कुठी दिसतात तथी?" आणि मग एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "खोड उकडून खाऊन राहिल्या वं त्या." नेमकं तेव्हाच भाऊंनी मशीन बंद केलं. खोलीतला गार आवाज थांबला. इतक्या माणसांच्या श्वासाने चेंबर भराभर तापायला लागलं, भिंतीत मुरलेला पिकल्या केळीचा वास वर आला, शाली खाली आल्या. मागे कोणीतरी उठलं, दार उघडलं, पांढऱ्या उन्हाची फाक पडद्यावर पडली आणि म्हातारी दिसेनाशी झाली. मी मनात म्हटलं, झालं. संपलं.

"दार लाव रे! दिसत नाही!" नाना ओरडले. त्यांच्या मागून आणखी चार जण ओरडले. "तिचं काय झालं ते पाहू दे ना आधी!" दार उघडणारा बिचारा नुसता तंबाखू थुंकायला निघाला होता. तो परत येऊन बसला आणि दार बंद झालं.

मग त्या घामाने भिजलेल्या अंधारात पडद्यावर हात आले. चिरलेल्या बांबूत धरून उकळलेला पदर खरवडणारे हात, मग त्यातून केसासारखं काहीतरी वेगळं करणारे हात, टोकाला टोक जोडून बारीक गाठ मारणारे हात. अक्का पुढे सरकल्या. "दोरा," त्या म्हणाल्या. "अरे, दोरा काढून राहिल्या बाया! आपन केयीचं सोप भिजवून गजरा बांधतो ना, तोच!" आणि मग एकेक उलगडायला लागलं आणि ते त्यांनीच उलगडलं. शेंडे मुद्दाम छाटले. घड येऊच दिला नाही. खोडासाठीच लावली. मी काही वाचलं नाही. माग आला, रंग आला, शेवटी म्हातारीने कापड उन्हाकडे धरलं तेव्हा मागून कोणीतरी मोठा श्वास सोडला आणि म्हणालं, "म्हंजे बाग गेली नाही." सगळे असे हसले, जणू बाग त्यांचीच वाचली होती.

माझं तिसरं पान मी वेळेवर वाचलं असतं तर हे झालं नसतं. लोकांनी कापड पाहिलं असतं, छान म्हटलं असतं आणि गारवा गेल्यावर उठले असते. ते बसले, कारण त्यांना त्या बायकांची काळजी लागली होती. संपल्यावर अक्कांनी गाठ मारायचा भाग पुन्हा लावायला लावला, दोनदा. नाना मात्र शेवटपर्यंत मानले नाहीत. "घड न घेता केयी लावायची, हे माह्याच्यानं व्हनार नाही," ते म्हणाले. "पन कापड चांगलं हाये. अन आपन खोड बांधावर फेकतो, तेबी खरं." त्यावरून दोघा-तिघांत वाद लागला आणि तो बाहेर उन्हात पारावर जाऊनही चालू होता. माहितीपट बनवणाऱ्यांना मी कळवलं की आमच्या लोकांना त्या बायकांची बाग रोगाने गेली असं वाटलं आणि फार वाईट वाटलं, मग कापड पाहून बरं वाटलं. इंग्रजीत ते फारच थोडं झालं. पण शुद्ध आहे.

मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा भाऊ आले. त्यांचाही सदरा पाठीला चिकटला होता. म्हणजे ते बाहेर थांबलेच नव्हते, आत बसले होते. मला म्हणाले, "पुढच्या बारीले मशीन लावायचंच नाही."

मला कळलं नाही. मी विचारलं, "का?"

"आवाज येते ना मशीनचा," ते म्हणाले. "मधी मधी आयकू येत नाही, लोक काय बोलून राहिले ते."

बाई, मला स्वतःचा अभिमान वाटण्याची सवय नाही. बरं काही झालं की यात कुठे चूक राहिली असेल, हेच मी शोधतो. रविवारी शोधलं नाही. घरी येताना रस्ताभर मी मान वर करून चालत होतो आणि भेटेल त्याला सांगत होतो की ही पद्धत माझी नाही, धुळ्याच्या आमच्या बाईंची आहे. लोक विचारतात, कोणत्या बाई? मी तुमचं नाव सांगतो. आमच्या गावात तुम्हाला कोणी पाहिलेलं नाही, पण आता नाव माहीत झालं आहे.

हे दुकानाच्या कॉम्प्युटरवर लिहितो आहे, दुपारी, मालक जेवायला गेलेले असताना. छापणार नाही. पत्ता कुठला घालणार? आणि एक तेवढं कोणाला सांगितलेलं नाही. अक्का रोज दारात अडवतात आणि विचारतात, शेवटी कापड धरल्यावर ती म्हातारी काय गोड हसली, पाहिलं ना? मी हो म्हणतो. पण मी ते पाहिलेलं नाही. इथल्या छोट्या पडद्यावर इतक्यांदा लावूनही ती हसते हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आणि रविवारी ती एवढी मोठी होऊन हसली, तेव्हा माझी पडद्याकडे पाठ होती. मी अक्कांकडे पाहत होतो.